डबे मोजू नकोस, आवाज ऐक

नव्याने गाड्या ओळखायला लागलास ना, मग आधी एक गोंधळ काढून टाक. दोन व्होल्टेजची गाडी म्हणजे दुहेरी ऊर्जेची, म्हणजे तारेतल्या विजेवर आणि डिझेलवरही चालणारी, गाडी नव्हे. आपल्या मुंबईत १५०० व्होल्ट डीसी आणि २५ हजार व्होल्ट एसी अशा दोन्हींवर चालणाऱ्या लोकल होत्या. त्यांत डिझेल इंजिन कुठे होतं? मीही सुरुवातीला हेच चुकलो होतो.

खरी दुहेरी गाडी बघायची तर इंग्लंडच्या पूर्व भागातली क्लास ७५५ या प्रकारची गाडी बघ. श्टाडलर या स्विस कंपनीने बांधलेली, २०१९पासून धावणारी. हिची डिझेल इंजिनं डब्यांच्या पोटाखाली नाहीत, गाडीच्या मधोमध एका वेगळ्या आखूड डब्यात आहेत. मधल्या बोळातून प्रवासी आरपार जातात, दोन्ही बाजूंना भिंतीआड इंजिनं. त्यामुळे बाकी डब्यांची जमीन खाली राहते. (हातात पेटी असली की याचं मोल कळतं.)

क्रमांकात ७५५नंतर ३ असेल तर प्रवाशांचे तीन डबे, दोन इंजिनं. ४ असेल तर चार डबे, चार इंजिनं. एवढं पाठ कर, पुष्कळ झालं.

मग एक दिवस स्टॅनस्टेड विमानतळाहून नॉरिचला जा. केंब्रिजमार्गे एलीपर्यंत डोक्यावर तार असते, पुढे बराच मार्ग बिनतारेचा. एलीला पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली येतो. मोबाइल खिशात ठेव, त्या मधल्या डब्याजवळ बस आणि इंजिन सुरू होताना पायाखालची थरथर जाणव.