ताबा पावतीवर सही करण्याआधी

प्रश्न : वडिलांचा निकल-क्रोम प्लेटिंगचा कारखाना 2003 साली बंद पडला. जागा पन्नास गुंठे, स्वतःच्या मालकीची. 2009 साली लागू झालेल्या विकास आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. तेव्हापासून ना महापालिकेने जागा घेतली, ना आम्हाला काही करता आलं. अकरा कामगारांचा हिशेब राहिलाय. जुन्या टाकीत गाळ पडून आहे, आणि भिंतीच्या भगदाडातून संध्याकाळी पोरं आत येऊन क्रिकेट खेळतात. आता पत्र आलंय : इथे क्रीडा उद्यान करायचं आहे, निधी मंजूर आहे, आगाऊ ताबा द्या, मोबदल्याचं नंतर पाहू. जागा घेऊन दुसरंच काही बांधतील अशीही भीती वाटते. भाऊ म्हणतो, नोटीस देऊन आरक्षणच उठवू. वडिलांची मात्र फार इच्छा होती की इथे पोरांनी खेळावं. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, तूर्त कुणाचंच ऐकू नका आणि त्या ताबा पावतीवर सही तर मुळीच करू नका. माझ्या कपाटात अशा दोन फायली आहेत. मैदान झालंय, दारात कमान उभी राहिलीय, उद्घाटनाचे पेढेही वाटून झालेत, आणि मालक अजून मोबदल्यासाठी टेबलाटेबलावर फिरतोय. ताबा हातात आला की महापालिकेची घाई संपते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 मध्ये आरक्षित जागा घेण्याचे तीनच मार्ग आहेत : करार करून रोख रक्कम, रकमेऐवजी एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर शासनामार्फत 2013 च्या कायद्याखाली भूसंपादन. ‘नंतर पाहू’ हा चौथा मार्ग त्यात नाही. टीडीआर घ्यायचा तर दाट वस्तीबाहेरच्या जागेला साधारण क्षेत्राच्या दुप्पट मिळतो, पण जागा बोजारहित, म्हणजे कुणाचं देणं किंवा हक्क डोक्यावर नसलेली, द्यावी लागते. मैदान तुम्ही स्वतःच्या खर्चाने विकसित करून दिलंत, तर त्याबद्दल जादा टीडीआर मागण्याचीही सोय याच कलमात आहे. वडिलांची इच्छा लक्षात घेता यावर जरूर विचार करा.

आता भावाची नोटीस. कलम 127 म्हणतं : आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली आणि जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस पोचल्यापासून 24 महिन्यांत संपादन झालं नाही, किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द झालं असं मानलं जातं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, नंतर बारा झाली, 2015 पासून चोवीस. ‘पावलं’ म्हणजे काय, यावर गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सांगितलंय. महासभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना धाडलेला प्रस्ताव पुरत नाही, राजपत्रात संपादनाची घोषणा व्हावी लागते.

तुम्ही दोघं भांडताय ते इथेच चुकतंय. नोटीस म्हणजे मैदानाला विरोध नव्हे. महापालिकेला खरंच मैदान करायचं असेल, तर तिला चोवीस महिन्यांत मोबदल्यासह जागा घ्यावी लागेल. म्हणजे वडिलांच्या इच्छेसाठीसुद्धा ही नोटीस उपयोगाचीच आहे.

पण ती नीट द्या. तुम्ही पाठवलेल्या मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव दिसतंय. नोटिशीसोबत मालकी हक्काची कागदपत्रं जोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा आधी वारस नोंद करून घ्या. नोटीस आयुक्तांच्या नावे द्या आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवा, दिवस तिच्यावरूनच मोजले जातात. एक घाई मात्र कराच. तुमच्या शहराचा सुधारित आराखडा येऊ घातला असेल, तर तो लागू होण्याआधी नोटीस गेली पाहिजे. पुण्याच्या प्रफुल्ल दवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आधी नोटीस दिलेली नसेल, तर दहा वर्षं सुधारित आराखड्यापासून नव्याने मोजायची.

भावाच्या डोक्यात इमारत असेल तर त्यालाही सांगा : आरक्षण गेलं म्हणजे फ्लॅट बांधायला मोकळीक मिळाली असं नाही. लगतच्या जमिनीला जो वापर चालतो तोच तुम्हाला मिळेल, आणि आजूबाजूला तर कारखान्यांच्या शेडच आहेत. औद्योगिक जागेवर निवासी बांधकाम करायचं तर बंद कारखान्याच्या कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो. अकरा कामगारांचा हिशेब राहिलाय असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती ओळ सगळ्यात महाग आहे. त्यांच्या देण्यांबद्दल वसुली दाखला निघालेला असेल तर रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते, आणि मग ‘बोजारहित’ हा शब्द टीडीआरच्या वेळीही आडवा येतो. त्यांना किंवा त्यांच्या वारसांना शोधा, हिशेब मिटवा, पावत्या घ्या.

आणि मातीचं काय? तुमच्या एका फोटोत टाकीमागच्या भिंतीला पिवळट खपली धरलेली दिसते. प्लेटिंगच्या जागी असा रंग दिसला की मला पहिली शंका विषारी क्रोमियमची येते, आणि कबड्डी खेळणारं पोरगं त्याच मातीत लोळणार आहे. घातक कचऱ्याचे 2016 चे नियम त्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकतात. मंडळाने मुदत वाढवून दिल्याशिवाय गाळ नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायलाही त्यांत परवानगी नाही, तुमच्याकडे वीस वर्षं पडून आहे. दूषित जागांसाठी 2025 मध्ये केंद्राचे वेगळे नियमही आलेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून माती आणि बोअरचं पाणी तपासून घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाला स्वतःहून कळवा, गाळ अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवा. सफाई कुणी करायची आणि खर्च कुणाचा, हे करारात स्वच्छ लिहून घ्या. नाहीतर मैदान झाल्यावर बोट तुमच्याकडेच वळेल.

जागा घेऊन तिथे दुसरंच काही बांधतील ही तुमची भीती अगदीच खोटी नाही. पण आरक्षण बदलायचं तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. नवी मुंबईतल्या घणसोलीच्या क्रीडा संकुलाची जागा काढून घेऊन संकुल रायगडात माणगावकडे नेण्याचा शासनाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केला, ते निकालपत्र तुमच्या कामी येईल. तरीही ‘केवळ क्रीडांगणासाठी’ हे शब्द नोंदणीकृत करारात घालून घ्याच.

कागदपत्रांना महिना-दोन महिने लागतील. त्या टाकीवर मात्र उद्याच झाकण बसवा आणि भिंतीचं भगदाड बुजवा. संध्याकाळी पोरं तिथूनच आत येऊन क्रिकेट खेळतात, हे तुम्हीच लिहिलंय.