फिल्टर पेपरच्या वजनावरून हवेतील पीएम१० चे (१० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांचे) प्रमाण कसे काढतात?
फिल्टरच्या नंतरच्या वजनातून आधीचे वजन वजा करून, तो फरक मायक्रोग्रॅममध्ये मांडावा आणि फिल्टरमधून गेलेल्या हवेच्या घनमीटरांनी त्याला भागावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शिकेतही हीच रीत आहे. समजा, आधीचे वजन २.७८१२ ग्रॅम आणि नंतरचे २.९३४८ ग्रॅम आहे, म्हणजे फरक १,५३,६०० मायक्रोग्रॅम झाला. प्रवाह सुरुवातीला मिनिटाला १.१४ आणि अखेरीस १.०६ घनमीटर असेल, तर सरासरी १.१० धरून २४ तासांत १,५८४ घनमीटर हवा खेचली जाते आणि उत्तर घनमीटरला सुमारे ९७ मायक्रोग्रॅम येते. सुरुवातीचाच प्रवाह गृहीत धरण्याची चूक सर्रास होते. धूळ साचते तसा प्रवाह मंदावत असल्याने हवेचे आकारमान कागदावर फुगते आणि ९७ ऐवजी ९४ येऊन हवा आहे त्याहून स्वच्छ दिसते. मात्र दोन्ही वेळी वजन करण्यापूर्वी फिल्टर सारख्याच तापमानात आणि ५० टक्क्यांखालील स्थिर आर्द्रतेत २४ तास ठेवलेला असला पाहिजे, कारण पावसाळ्यात ओलाव्याने अवघे १० मिलिग्रॅम वाढले, तरी हेच उत्तर १०३ होऊन २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील १०० ची दैनिक मर्यादा ओलांडते.