आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांची घोडी यांना एकत्र शिकवू नका

आपण विचारले आहे की, दापोलीजवळच्या आपल्या वाडीत आठ वर्षांच्या मुलीसाठी तीन वर्षांची, पाठीवर कधीही कोणी न बसलेली लहान चणीची घोडी घेतली आहे. मुलीने किनाऱ्यावरच्या फेऱ्यांपलीकडे घोडेस्वारी केलेली नाही. तेव्हा दोघी एकमेकींच्या सोबतीने शिकून पावसाळ्यापूर्वी मुलगी एकटी बसू लागावी, यासाठी काय करावे. माझे उत्तर असे आहे की, पावसाळ्यापूर्वी ती एकटी बसू लागणार नाही आणि तसा प्रयत्नही आपण करू नये. दोघींपैकी एकीला तरी काय करायचे ते ठाऊक असले पाहिजे. नवख्या स्वाराला म्हातारे, मुरलेले घोडे द्यावे आणि नवख्या घोड्यावर जाणता माणूस बसवावा, ही साधी रीत मोडण्याचे कारण केवळ हौस असेल, तर ते पुरेसे नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या घरात नेमका हाच वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझे वडील अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी नेत असत, त्यामुळे आम्ही भावंडे तबेल्यातच वाढलो. वडिलांनंतर गाडी बंद झाली, तरी माझ्या थोरल्या भावाची घोड्यांची आवड गेली नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन दादांनी आपल्या मुलासाठी एक तीन वर्षांची घोडी आणली आणि तिचे नाव शेवंती ठेवले. अंगाने भरलेली, टपोऱ्या डोळ्यांची आणि कमालीची बुजरी अशी ती घोडी होती. घाटावरच्या मोकळ्या माळावर वाढलेल्या जनावराला नारळी-पोफळीच्या वाडीतले आवाज नवे असतात. वाळलेली झावळ खाली पडली की ती चारही पाय उचलून बाजूला उडी मारीत असे.

तिला शिकवण्याची दादांची पद्धत किनाऱ्यावर अनेकांची असते तीच होती. घोडीला भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत दमेपर्यंत पळवायचे, कंबरभर पाण्यात नेऊन पाठीवर बसायचे, कारण पाण्यात तिला पाठ उचलून उडवता येत नाही, आणि ती मान खाली घालून उभी राहिली की "आता शिकली" असे म्हणायचे. मी तेव्हाही सांगितले होते की, ही घोडी दमली आहे, शिकलेली नाही. भुसभुशीत वाळूत पळवल्याने कोवळ्या पायांच्या शिरांवर ताण येतो, तो वेगळाच. दादांचे म्हणणे असे की, घोडे धाकात ठेवावे लागते, मुले पडल्याखेरीज शिकत नाहीत आणि बायकांनी यात पडू नये.

संध्याकाळी दमलेल्या घोडीवर माझा पुतण्या निमूट बसला आणि सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभराची विश्रांती आणि भरपूर चण्यांची चंदी पोटात गेलेल्या त्याच घोडीवर दादांनी त्याला पुन्हा बसवले. तोल जाऊ लागल्यावर कोणतेही मूल करते तेच त्याने केले, म्हणजे लगाम दोन्ही हातांनी गच्च ओढला, टाचा घोडीच्या पोटात रुतवल्या आणि किंकाळी फोडली. तोंडाला मिळालेला हुकूम थांबण्याचा आणि पोटाला मिळालेला हुकूम पळण्याचा, अशा कोंडीत सापडलेली घोडी आधी मागे सरकली आणि मग उसळली. पुतण्याच्या मनगटाचे हाड मोडले, आणि शेवंती नाठाळ ठरली. दादा तिला विकायला निघाले, तेव्हा मी तिला माझ्या वाडीत आणून बांधले.

आपल्याला खरोखर उपयोगी पडेल तो भाग यापुढचा आहे. चांगल्या स्वाराच्या हाताखाली शहाणे वागणारे घोडे मुलाच्या हाताखालीही तसेच वागेल, असे मुळीच नाही, कारण मूल जे करते ते चांगला स्वार कधीच करीत नाही. म्हणून मुलासाठीचे घोडे मुलाच्या चुकांवर शिकवावे लागते. खोगिराची, ते आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याची म्हणजे तंगाची आणि माणसाच्या वजनाची सवय तिला हळूहळू झाल्यावर मी तिच्यावर मुद्दाम वाईट बसत असे. रिकिबीतून पाय सोडून ते तिच्या कुशीवर आपटू देत असे, पोत्यासारखी एका बाजूला कलत असे, मधेच ओरडत असे, टोपी तिच्या मानेवरून खाली टाकत असे. ती जिथल्या तिथे थांबली की लगेच ढिला लगाम आणि मानेवर खाजवणे, एवढेच तिचे बक्षीस होते. चढण्यासाठी अंगणात जांभ्याचे दोन चिरे रचले होते आणि डाव्या तसेच उजव्या, दोन्ही बाजूंनी चढण्या-उतरण्याची सवय मी तिला लावली, कारण मूल घसरते तेव्हा बाजू निवडून घसरत नाही. झावळींचाही प्रश्न असाच सोडवला. ती चारा खात असताना लांब अंतरावर मी झावळ ओढत नेत असे. तिने कान टवकारून पाहिले आणि पुन्हा तोंड चाऱ्यात घातले, तरच दुसऱ्या दिवशी थोडी जवळून नेत असे.

बायकांनी यात पडू नये, या वाक्याचे उत्तरही इथेच देते. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घालू नये, असे जाणकार मानतात, आणि कोवळ्या घोड्यावर तर त्याहून कमीच असावा. अडीचशे किलोच्या घोडीसाठी खोगिरासह जास्तीत जास्त पन्नास किलो, असा त्याचा हिशेब होतो. दादांच्यासारखा भरदार पुरुष तिच्या पाठीवर बसणे, हाच मुळात अन्याय होता. लहान घोडी शिकवायला हलका, धीराचा आणि सावकाश हाताचा मोठा माणूस लागतो, आणि आपल्या घरात तशी आपली पत्नी किंवा बहीण असेल, तर तिला आधी शिकवा.

पुढे माझी भाची त्याच शेवंतीवर बसायला शिकली. सुरुवातीला दोरी माझ्या हातात असे आणि ती नेहमी म्होरकीला, म्हणजे तोंडात कडी न घालता डोक्याभोवती अडकवलेल्या दोराला, बांधलेली असे, लगामाला कधीही नाही. दादा अजूनही लग्नकार्यात सांगतात की, वय वाढल्यावर घोडी आपोआप निवळली. हे खरे नाही. शिकवल्याशिवाय वाढलेले घोडे फक्त वयाने आणि ताकदीने वाढते, आणि अशी दहा-बारा वर्षांची बुजरी घोडी आपल्याला कोणत्याही मोठ्या किनाऱ्यावर दिसतील. त्यांना आवरण्यासाठी काहीजण काटेरी लगाम घालतात. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी त्याला मनाई केलेली आहे, आणि आपल्याला तसा लगाम कोणी सुचवला, तर त्या माणसाला पुन्हा वाडीत येऊ देऊ नये.

मात्र वयाचा काहीच संबंध नाही, असेही मी म्हणणार नाही. घोड्याच्या पाठीच्या कण्याची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते, त्यामुळे यंदा पाठीवर थोडा वेळच बसावे आणि बाकीचे काम जमिनीवर उभे राहून, लांब दोरीवर आणि हाताने चालवून करावे. पावसाळ्यात किनारा बंद असतो, घोडी बांधून राहते आणि ओल्या जमिनीत खुराच्या तळाचा मऊ भाग कुजतो, म्हणून तबेल्याची जमीन कोरडी ठेवावी, काम नसेल तेव्हा चंदी कमी करावी आणि गणपतीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. आपली घोडी मी पाहिलेली नाही, आणि काही घोडी जात्याच थंड डोक्याची असतात, हेही मान्य करते. तरीही त्या भरवशावर मी माझ्या भाचीला बसवले नसते.

लगाम घालण्याआधी पशुवैद्याकडून तिचे तोंड उघडून पाहून घ्यावे आणि त्याच वेळी धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात, म्हणून विकणाऱ्याने सांगितलेले तीन वर्षांचे वय खरे आहे की नाही, तेही दातांवरून कळेल, आणि दात हलत असतील तर तूर्त म्होरकीवरच काम भागवता येईल. तोपर्यंत मुलीला ओळखीच्या एखाद्या घोडेवाल्याच्या म्हाताऱ्या घोड्यावर, गर्दी नसलेल्या वारी, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर शिकू द्यावे. घरच्या घोडीला खरारा करणे, मोठ्यांच्या देखरेखीखाली चंदी देणे आणि म्होरकी धरून अंगणात चालवणे ही कामे मात्र तिला आजपासून द्यायला हरकत नाही.