तरुण क्वार्टरबॅकसाठी संघाने किती थांबावं?

तुम्ही विचारलंय की एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूला) संघाने किती वर्षं सांभाळून घ्यावं, आणि दोन मोसमांत जमलं नाही तर बदलून टाकावा हे तुमच्या रूममेट्सचं म्हणणं बरोबर आहे का.

माझ्या मते मैदानावर तीन पूर्ण मोसम द्यावेत, आणि त्यातले निदान दोन एकाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या (आक्रमणाच्या प्रशिक्षकाच्या) हाताखाली. या दुसऱ्या अटीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण माझ्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची. दरवर्षी नवा प्रशिक्षक, नवी प्लेबुक (चालींची वही) आणि पुढे गळकी ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) असेल, तर तीन वर्षं दिली असं म्हणता येत नाही. पहिलंच वर्ष तीनदा दिलं, एवढंच.

मी न्यू जर्सीत राहतो आणि न्यू यॉर्क जेट्सचा चाहता आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. 2018च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले (कंसात निवडीचा क्रमांक): बेकर मेफिल्ड (पहिला), सॅम डार्नल्ड (तिसरा), जॉश ॲलन (सातवा), जॉश रोझन (दहावा) आणि लमार जॅक्सन (बत्तिसावा). तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर या पाच जणांत आहे.

डार्नल्ड आमच्याकडे आला. 21 ऑक्टोबर 2019च्या सोमवारी रात्री मेटलाइफ स्टेडियमवर पेट्रिअट्सनी जेट्सना 33-0 असं धुतलं. डार्नल्डचे चार पास त्यांनी पकडले. त्या दिवशी त्याच्या अंगावर मायक्रोफोन होता. बाकावर बसल्या बसल्या तो म्हणाला की मला भुतं दिसतायत, आणि ते वाक्य सामना चालू असतानाच टीव्हीवर दाखवलं गेलं. लोकांनी त्याची इतकी टर उडवली की अजून वाईट वाटतं. वय होतं 22, दुसरा मोसम, आणि मुख्य प्रशिक्षकही दुसरा.

त्या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्या. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाशी जोडणारा रेडिओ असतो, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची चाल सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. समोर सहा-सात जण रेषेवर उभे राहतात. त्यातले कोण अंगावर येणार आणि कोण मागे सरकून पासच्या वाटेत उभे राहणार, हे चेंडू हातात येईपर्यंत कळत नाही. मग त्याच्याकडे अडीच-तीन सेकंद असतात. अनुभवी माणूस त्या वेळात रिसीव्हर (पास झेलणारे सहकारी) बघतो. सारखा मार खाल्लेला तरुण अंगावर येणाऱ्यांकडे बघायला लागतो, आणि पुढेपुढे कोणी येत नसतानाही त्याला कोणीतरी येतंय असं वाटतं. डार्नल्ड बोलला ते हेच. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो, म्हणून मी लाइनबद्दल एवढं बोलतोय.

2021मध्ये जेट्सनी त्याला कॅरोलायनाला देऊन टाकलं, दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला घेतलं आणि पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवलं. तीन मोसमांनंतर तोही गेला. डार्नल्ड मात्र सॅन फ्रान्सिस्कोत एक वर्ष राखीव राहिला, मग मिनेसोटाला गेला. तिथे केव्हिन ओकॉनेलसारखा प्रशिक्षक आणि जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर मिळाल्यावर 2024मध्ये त्याने 35 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले आणि संघाने 17पैकी 14 सामने जिंकले. मेफिल्डचंही तसंच. क्लीव्हलँडने सोडल्यावर तो दोन संघ फिरला आणि टँपात स्थिरावला. 2024मध्ये त्याचे टचडाउन पास होते 41.

आता ॲलन. पहिल्या वर्षी त्याचे जेमतेम 53 टक्के पास पूर्ण झाले. टचडाउन 10, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) 12. दुसऱ्या वर्षी सुमारे 59 टक्के. त्या मोसमाच्या शेवटी ह्यूस्टनमधल्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात त्याचा संघ बफेलो 16-0 पुढे होता. तो सामना ते 22-19 हरले, आणि चौथ्या क्वार्टरच्या अखेरीस ॲलनने पकडला जात असताना चेंडू बाजूच्या सहकाऱ्याकडे असा काही भिरकावला की बघणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. तुमच्या रूममेट्सच्या हिशेबाने त्याच रात्री त्याचा निकाल लागला असता. पण बफेलोने त्याच्या आजूबाजूच्या उणिवा भरून काढल्या. 2019मध्ये लाइन नव्याने बांधली, 2020मध्ये पहिल्या फेरीची निवड खर्चून रिसीव्हर स्टीफॉन डिग्जला आणलं, आणि ब्रायन डेबॉल हा कोऑर्डिनेटर 2018पासून 2021पर्यंत तोच ठेवला. तिसऱ्या वर्षी ॲलन 69 टक्क्यांवर गेला. 2024च्या मोसमात तो एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला.

रोझनला ॲरिझोनाने एकाच वर्षात सोडलं. त्या एका वर्षात मोसम अर्धा व्हायच्या आतच कोऑर्डिनेटरला काढलं आणि शेवटी मुख्य प्रशिक्षकालाही. तो पुढे कुठेच टिकला नाही. त्याच्यात मुळात दम होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. लमारचं उदाहरण वेगळं. बाल्टिमोरने सगळं आक्रमणच त्याच्या पळण्याभोवती रचलं आणि दुसऱ्याच वर्षी तो एमव्हीपी झाला. तिथे थांबायचा प्रश्नच आला नाही.

मग संघ एवढी घाई का करतात? कारण करार. 2011पासून रुकीचा (नव्या खेळाडूचा) करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे असतो, पण तो घ्यायचा की नाही हे तिसरा मोसम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं. रुकी स्वस्त पडतो. स्थिरावलेला क्वार्टरबॅक किती महाग असतो ते बघा: ग्रीन बेने 2024मध्ये जॉर्डन लव्हला वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलरचा करार दिला. म्हणजे स्वस्तात बाकी संघ उभारायची संधी तीन-चार वर्षांचीच. माझा तीन मोसमांचा आकडाही काही अंशी इथूनच येतो.

लव्हचं नाव निघालंच आहे तर, बाकावर बसवून शिकवायची पद्धतही चांगली आहे, पण ती सगळ्यांना परवडत नाही. ग्रीन बेमध्ये ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे राखीव बसला, लव्ह तीन वर्षं रॉजर्सच्या मागे. ग्रीन बेला एक मालक नाही, लाखो भागधारक आहेत, त्यामुळे वरून घाईचा रेटा कमी असतो असं मला वाटतं. तरी 2023मध्ये पहिल्या नऊपैकी सहा सामने हरल्यावर लव्हला काढा अशी ओरड सुरू झालीच. उरलेल्या आठांपैकी सहा त्याने जिंकून दिले.

उगाच थांबणंही चूक आहे. न्यू यॉर्क जायंट्सनी आपला क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याचा पाचव्या वर्षाचा पर्याय नाकारला, मग एका बऱ्या मोसमावर भुलून 2023मध्ये चार वर्षांसाठी 16 कोटी डॉलर दिले आणि नोव्हेंबर 2024मध्ये सोडून दिलं. तोवर सहावा मोसम चालू होता, आणि मुख्य प्रशिक्षक तिसरा.

म्हणून रूममेट्सशी वाद घालताना जिंकलेले-हरलेले सामने बाजूला ठेवा. तरुण क्वार्टरबॅकच्या चुका बघा. पहिल्या वर्षीच्या चुका दुसऱ्या वर्षी गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या, तर तो शिकतोय. पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी, 1998मध्ये, 28 इंटरसेप्शन दिले आणि संघ 3-13 (3 विजय, 13 पराभव) राहिला. पुढच्याच वर्षी तो संघ 13-3 झाला. पण तीच चूक तिसऱ्या मोसमातही तशीच दिसत असेल, कोऑर्डिनेटर तोच असेल आणि लाइनही धड असेल, तर मी त्याला सोडून देईन.

पुढचा सामना बघाल तेव्हा थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) चेंडूकडे बघू नका. क्वार्टरबॅकचं डोकं कुठे वळतंय ते बघा. पहिला रिसीव्हर अडलेला असताना त्याची नजर दुसऱ्याकडे आणि मग तिसऱ्याकडे जाते का, की तो लगेच पळायला लागतो? हे ऑक्टोबरात एकदा बघा आणि डिसेंबरात पुन्हा. मग आपल्या संघाने मे महिन्यात काय करावं, हे तुम्हाला टीव्हीवरच्या चर्चांशिवायही सांगता येईल.