आजोबांच्या बंद जिनिंगमधला पट्ट्यावरचा लेथ आणि वाफेचं इंजिन: भंगारात द्यावं की जपावं?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) बंद, शेडमध्ये वाफेचं इंजिन, वरती लाइन शाफ्ट म्हणजे सगळ्या यंत्रांना फिरवणारा लांब दांडा, कोपऱ्यात पट्ट्यावर फिरणारा लेथ, म्हणजे धातू तासायचं यंत्र. भंगारवाला चकरा मारतोय, घरचे द्या म्हणतात, तुम्हाला जपायचंय, पण सुरुवात कुठून करावी आणि चालवायला कोण शिकवील हे कळत नाही. आणि शेवटी सहज विचारल्यासारखी एक ओळ टाकलीय : "लेथ ठेवून बाकीचं फुटकळ सामान सध्या दिलं तर चालेल का?"

त्या ओळीसाठी लिहायला बसलोय. नाही चालणार. लेथ दिला तरी एक वेळ चालेल, फुटकळ सामान देऊ नका.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. चाळीस वर्षं लेथवर काढली. वडील इथल्याच एका जिनिंगमध्ये फिटर. 1900 च्या आसपास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन पडली आणि जालना, सेलू, मानवत, परभणी, नांदेड या पट्ट्यातल्या रुईच्या गाठी रेल्वेनं जायला लागल्या. एक इंजिन, त्याच्यावर शेडभर लांब शाफ्ट, शाफ्टवरून एकेका जिनला (सरकी काढणाऱ्या यंत्राला) पट्टा. हंगामात काही मोडलं तर मुंबईहून माणूस येईपर्यंत कापूस पडून राहायचा, म्हणून मोठ्या जिनिंगच्या कोपऱ्यात लेथ, ड्रिल आणि भाता असायचाच. वडिलांचे वस्ताद पूर्णेच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. विजेच्या मोटारी आल्या, इंजिन थंड झालं, आणि मालकानं थकलेल्या पगारात वडिलांना लेथ दिला. सहा फुटी बेड (लेथचा लांब पाया), वेग बदलायला तीन पायऱ्यांची कोन पुली, वेग आणखी उतरवायला बॅक गिअर, आणि इंचाला चार आट्यांचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूलला सरकवणारा लांब स्क्रू. सोबत लाकडी डबा, त्यात 22 गिअरचाकं.

आता 1997 ची खंडेनवमी. मी बायकोमुलांना घेऊन तुळजापूरला गेलो होतो. माघारी आलो तर वर्कशॉप चकाचक. थोरल्या भावानं, आम्ही दादा म्हणतो, पूजेसाठी सगळं झाडून पुसून काढलेलं. लेथला झेंडूची माळ, चकवर हळद-कुंकू, दाराला नवा हिरवा रंग. मी नारळ फोडला, नमस्कार केला आणि खाली वाकलो तर डब्याची जागा मोकळी.

"दादा, डबा?"

"ते गंजकी चाकं व्हय? दिली. जागाच अडवायलेती नुसती. लेथ ठेवलाय की."

41 किलो, सात रुपयांनी. 287 रुपये. त्यातूनच दाराचा रंग आणला होता. चाकांबरोबर फेसप्लेट (वेडंवाकडं काम बांधायची मोठी चकती) आणि लांब शाफ्टला आधार द्यायची स्टेडीही गेली.

ज्यांनी जुना लेथ चालवलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : आजच्या लेथला आटे बदलायला मूठ असते, या लेथला चाकं असतात. कुठल्या मापाचे आटे पाडायचे ते कुठलं चाक कुठे लावलं यावर. चाकं गेली की लेथ गोल तासायचं यंत्र उरतं, बस्स. आणि 22 मधलं एक चाक तर कुठल्याच दुकानात मिळायचं नाही. 127 दात्यांचं. इंच 25.4 मिलिमीटरचा, म्हणजे पाच इंच बरोबर 127 मिलिमीटर. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर हा एकच आकडा दोन्हीकडे नेमका बसतो. चार आट्यांच्या स्क्रूवर दोन मिलिमीटरचा आटा हवा असेल तर स्पिंडलकडे (काम फिरवणाऱ्या दांड्याकडे) 40, स्क्रूवर 127, मध्ये कुठलंही एक चाक दुवा म्हणून. वडिलांनी हे मला पाढे पाठ व्हायच्या आधी शिकवलं होतं. मिलिमीटरचा आटा पाडताना हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा दुभागी नट) उघडायचा नाही, मशीन उलटी फिरवून टूल मागे आणायचं, हेही. उघडला की पुढच्या फेरीला टूल जुन्या घळीत पडत नाही, आणि तुमचा आख्खा दिवस कीस होऊन खाली पडतो.

दसऱ्याला आपट्याची पानं मी कुणालाच दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जालना गाठलं, कारण सेलूच्या भंगारवाल्यानं माल तिकडे पाठवला होता. जालन्यात भंगार म्हटलं की पोलाद भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येतं, तेव्हा मी आशा सोडूनच निघालो होतो. पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाचवतं. जुनी गिअरचाकं बिडाची, आणि बीड त्या भट्ट्यांत सहसा टाकत नाहीत. त्याचा ढीग वेगळा. ट्रक भरेल तेव्हा तो ओतकामासाठी कोल्हापूरला जातो. ढीग अजून अर्ध्या ट्रकाचा होता. मालक भला माणूस, म्हणाला, "हुडका, मिळालं तर नऊ रुपये किलो."

सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत ढीग उपसला. पंपाची धडं, चुलीच्या जाळ्या, शिलाई मशीनचे पाय. 14 चाकं सापडली. 127 वालं मी न मोजता ओळखलं, कारण त्याचा एक दाता खोटा होता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही "पारंपरिक कौशल्य" असा शब्द वापरलाय आणि माझ्या लेखी ते नेमकं हे आहे. फार पूर्वी त्या चाकाचा एक दाता तुटला होता. नवं चाक पाडायला मिलिंग मशीन नव्हतं. वडिलांनी तुटलेल्या दात्याचं बुड कानशीनं सपाट केलं, एका ओळीत तीन भोकं पाडली, त्यात आटे फिरवले, तीन पोलादी स्टड (आट्यांच्या खुंट्या) घट्ट बसवले आणि मग त्या तीन खुंट्या कानशीनं घासत घासत त्यांचा दाता केला. मापाला शेजारच्या दोन दात्यांमधली खाच, तिच्यात बसेल असा पत्र्याचा तुकडा. निळ (खुणेचा निळा रंग) लावायची, चाक फिरवायचं, निळ कुठे उठली बघायचं, तेवढंच घासायचं. दीड दिवस लागला. तो दाता आजही चालतोय. बिडाचं अंग करडं आणि मध्ये तीन चकचकीत ठिपके, त्यावरून ढिगात ते डोळ्यात भरलं.

आठ चाकं गेली. स्टेडीही गेली. दादाला अजून वाटतं मी तिळाचा ताड करतो.

त्याचा मुलगा, माझा पुतण्या, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे. हुशार आहे, मला आवडतो. दोन वर्षांपूर्वी जेवताना विषय निघाला तर म्हणाला, "काका, 127 नसलं तरी 63 नं होतं की." आणि त्याचं खरं आहे. 63 नं 80 ला फिरवा, त्याच्याच जोडीचं 40 घ्या आणि त्यानं 100 ला फिरवा, दोन मिलिमीटर येतो. फरक आठ मीटरमागे एका मिलिमीटरचा, वीतभर बोल्टमध्ये ब्रह्मदेवालाही कळणार नाही. दादा ताट बाजूला सारून हसला, म्हणला, "बघ! पंचवीस वर्षं उगाच बोलून घेतलं." मी एवढंच विचारलं, "63 कुठल्या डब्यात होतं, दादा?"

असो. तुमचं उत्तर.

आधी सगळं मोजा आणि लिहून काढा. भिंतीवरच्या खुंट्यांना काय लटकलंय, खिडकीत काय पडलंय, लेथखालच्या मातीत काय पुरलंय. आमच्या ओळखीतल्या एका शेडमध्ये लेथचं फेसप्लेट पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून होतं. जे ओळखू येत नाही ते सगळ्यात आधी उचलून आत ठेवा.

ग्राइंडर लावू नका. बेडला तर अजिबात नाही. बेडवरच्या सरकपट्ट्या कुणीतरी हातानं स्क्रेपरनं खरवडून सरळ केलेल्या असतात, ग्राइंडर ते पाच मिनिटांत घालवतो. रॉकेल किंवा डिझेल, चिंधी आणि धीर. सुटे भाग गंजलेले असतील तर आपल्याकडचा उपाय सोपा : गुऱ्हाळावरची काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, भाग पूर्ण बुडवून ठेवायचा. आठ-पंधरा दिवसांत गंज सुटतो. वास असा सुटतो की शेजारी भांडायला येतील. कारखान्याची मळी स्वस्त वाटेल, पण तिच्यावर उत्पादन शुल्काचं नियंत्रण आहे, त्या फंदात पडू नका.

स्पिंडल वाजतं म्हणून कुणी बॉल बेअरिंग बसवायचा सल्ला देईल. देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. जुन्या हेडस्टॉकला, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या डोक्याला, कांस्याची बुशिंग असतात नाहीतर व्हाइट मेटल हा मऊ धातू ओतलेला असतो. ढिली झाली तर आधी शिम (फटीतले पातळ पत्रे) काढून आवळायची, फारच गेली असतील तर पुन्हा ओतायची. ओतताना शाफ्टला काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही, आणि धातू तयार झाला का हे बघायला वाळलेली काडी बुडवायची : करपली तर तयार, पेटली तर जास्त तापला.

शिकवील कोण? आयटीआयचा टर्नरचा कोर्स दोन वर्षांचा आहे, तिथे पाया पक्का होतो, पण चाकांचा हिशेब तिथून येईलच असं नाही. तुमच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला एखादा म्हातारा मिस्त्री गावात असेलच. त्याला खुर्ची टाकून शेडमध्ये बसवा. रोजानं पैसे द्या, "आशीर्वाद द्या" म्हणून फुकट राबवू नका. मोबाइलवर चित्रित कराल तेव्हा त्याच्या तोंडासमोर नाही, हातासमोर धरा. तोंडानं तो स्वतःची कहाणी सांगेल, मी सांगतोय तशी.

उपयोग काय, असं घरचे विचारतील. पुतण्याच्या मशीनवर हजार नग एकसारखे निघतात, त्याला माझा सलाम. पण जुन्या पंपाचा एकच चौकोनी आट्यांचा स्क्रू घेऊन शेतकरी येतो तेव्हा वाळूजला त्या एका नगासाठी कुणी मशीन लावत नाही. तो माझ्याकडे येतो. महिन्याला असे आठ-दहा. त्यावर घर चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

इंजिनाबद्दल माझं ज्ञान ऐकीव आहे, पण एक गोष्ट पक्की : रंग देऊन हायवेवरच्या हॉटेलच्या दारात उभं करायला देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी जातं, पिस्टन धरतो, आणि लोक त्याच्यावर बसून सेल्फी काढतात. आत तेल सोडून आठवड्याला फ्लायव्हील हातानं फिरवत राहिलात तरी पुष्कळ.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं. बॉयलरला तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय आग लावायची नाही, कायद्यानंही नाही आणि जिवासाठीही नाही. आतून पत्रा किती खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही. इंजिन हलताना बघायचंच असेल तर जाणकारासमोर, कॉम्प्रेसरच्या कमी दाबाच्या हवेवर. बॉयलरला पांढुरकं लिंपण असेल तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं, खरवडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. बीड काकवीत महिनाभर विसरू नका, वरचा थर मऊ पडतो. आणि चालत्या पट्ट्याजवळ गमछा गळ्यात नको. वडिलांचा उजवा अंगठा आखूड होता.

लीड स्क्रूवर एक इंच पट्टी धरा, आटे मोजा आणि कळवा. फोटो काढाल तर लेथचा नको, तो कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. चाकांचा काढा, आकडे दिसतील असा.