वाचकांचे प्रश्न : टॉर्टिया घडीवरच का तडकते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे टॉर्टियाबद्दल, म्हणजे मक्याच्या किंवा मैद्याच्या मेक्सिकन पोळीबद्दल, आहेत. सुट्टीसाठी घरी आलेल्या मुला-नातवंडांची फर्माईश हे त्यामागचे कारण बहुतेक पत्रांतून डोकावते. पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे क्रमाने देत आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. नातवंडांसाठी मक्याच्या टॉर्टियांचे पाकीट आणले. सारण भरून घडी घालायला गेले की बरोबर मधोमध चीर जाते. पाणी शिंपडून पाहिले तर वरून चिकट झाल्या, आणि तव्यावर बराच वेळ ठेवल्या तर पापड झाला. नेमके काय करावे? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : आपण दोन्ही उपाय केलेत, पण एक उष्णतेशिवाय केला आणि दुसरा गरजेपेक्षा जास्त वेळ केला. मक्याच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते, त्यामुळे टॉर्टियाला एकत्र धरून ठेवण्याचे काम मुख्यतः शिजून फुगलेला स्टार्च (पिठातले पिष्ट) करतो. भाजलेली टॉर्टिया गार होऊ लागली की या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात, आणि आतले पाणी फारसे कमी झालेले नसतानाही ती ताठ होते. फ्रिजमधून काढलेला कालचा भात टणक लागतो, तोही याच कारणाने. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर ही पकड बरीच सैल होते, आणि टॉर्टिया पुन्हा लवचीक होते. नुसते पाणी शिंपडल्याने वरचा थर भिजतो, आतला ताठपणा मात्र तसाच राहतो.

म्हणून बिडाचा किंवा लोखंडी तवा तेल न लावता चांगला तापवावा आणि एकेक टॉर्टिया दोन्ही बाजूंनी १५ ते २० सेकंद शेकावी. उचलल्यावर ती हातातून लोंबू लागली आणि एखाददुसरा फिकट डाग आला, की ती झाली असे समजावे. आणखी ठेवलीत तर आतली वाफ निघून जाईल आणि आपला पापड पुन्हा तयार होईल. तव्यावरून काढलेली टॉर्टिया ताटात न पसरता लगेच डब्यातल्या दुपदरी सुती फडक्यात ठेवावी, तिच्यावर पुढची, असे करत थर रचावा आणि फडक्याची टोके वर घेऊन झाकण लावावे. हा थर ५ ते १० मिनिटे तसाच राहू द्यावा. या वेळात एकीची वाफ दुसरीत मुरते आणि तव्यावर किंचित कोरड्या झालेल्या कडाही नरम पडतात. मेक्सिकोतल्या घरांमध्ये कोमाल नावाच्या तव्यावरून टॉर्टिया थेट कापड घातलेल्या टोपलीत जाते. आपल्या फुलक्यांच्या डब्याहून ही व्यवस्था वेगळी नाही. फडके मात्र वगळू नये, कारण झाकणावर जमलेले थेंब तेच टिपून घेते, नाहीतर वरच्या दोन टॉर्टिया ओल्या होतात आणि फाटतात.

आपल्या मालव्यात उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की उघडे राहिलेले पाकीट बघता बघता कडेने वाळते. अशा खरोखरच वाळलेल्या टॉर्टियांना पाण्याचा उपयोग होतो, पण ओल्या हाताने दोन्ही बाजू जेमतेम पुसून ती त्याच क्षणी तापल्या तव्यावर टाकली तरच. पंगत मोठी असेल तर मोदकपात्रात फडक्यात गुंडाळलेली चळत मिनिटभर वाफवून, गॅस बंद करून १० मिनिटे झाकून ठेवली तरी चालते. मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच टॉर्टिया ओलसर फडक्यात गुंडाळून अर्धा मिनिट पुरतो. त्यांना भाजल्याचा खमंगपणा येत नाही, आणि माझ्या मते मक्याच्या टॉर्टियात तोच महत्त्वाचा असतो.

एक गोष्ट कोणत्याही पद्धतीत बदलत नाही. गार झालेली टॉर्टिया पुन्हा ताठ होते, त्यामुळे सारण आधी तयार असावे आणि टॉर्टिया गरम असतानाच भरून घडी घालावी. रस्सेदार सारणासाठी दोन टॉर्टिया एकावर एक घ्याव्यात. वरची भिजली तरी खालची हातात टिकते.

प्रश्न : मी डब्यात देण्यासाठी मैद्याच्या टॉर्टियाचे रोल करते. सकाळी मऊ असलेला रोल दुपारपर्यंत वातड होतो, आणि गुंडाळताना टोकाला फाटतोही. (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : मैद्याच्या टॉर्टियाची प्रकृती वेगळी आहे. तिच्यात ग्लुटेन असते आणि पिठात मोहन घातलेले असते, त्यामुळे ती गार असतानाही काही प्रमाणात वाकते; तिला मारक ठरते ती जास्त आच. तवा मध्यम तापवून दोन्ही बाजूंनी १०-१२ सेकंद पुरे होतात. फोडासारखे फुगे येऊन ते करपेपर्यंत ठेवले की ती वातड झालीच म्हणून समजा.

रोल फाटतो तो बहुधा सारण जास्त झाल्यामुळे. २० सेंटिमीटरच्या टॉर्टियात तीन-चार मोठे चमचे सारण, तेही मधोमध न घालता आपल्याकडच्या कडेपासून थोडे आत, आडव्या पट्टीत घालावे; आधी दोन्ही बाजू आत मुडपाव्यात, मग आपल्याकडची कड सारणावर ओढून घट्ट गुंडाळत जावे आणि जोड खाली करून तव्यावर अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे तो चिकटतो. डब्यासाठी सारण पूर्ण गार झालेले असावे. गरम सारणाची वाफ आत कोंडली की आतून लगदा आणि बाहेरून चामडे असा विचित्र पदार्थ तयार होतो. टोमॅटो किंवा काकडी घालायची असेल तर बिया काढून घालावी.

प्रश्न : सियागंजातून आणलेल्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया घरी लाटून पाहिली. कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुकडे होतात. बाजारातली टॉर्टिया मक्याचीच असून ती कशी टिकते? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : पीठ मक्याचेच असले तरी ते पीठ आणि टॉर्टियाचे पीठ यांच्यामध्ये एक चुन्याची पायरी आहे, आणि आपली अडचण तिथेच आहे. मेक्सिकोत वाळवलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. अशा मक्याला निश्तामाल या नावाने ओळखतात. तिथल्या नाहुआत्ल भाषेतील राख आणि वाफवलेला पिठाचा गोळा अशा अर्थांच्या दोन शब्दांपासून ते नाव बनले आहे, कारण पूर्वी राखेचे पाणीही वापरत असत. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, दाण्याच्या भिंती सैल होतात आणि दळल्यावर पिठाला जी पकड येते ती साध्या मक्याच्या पिठाला कधीही येत नाही. शिवाय मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात मका गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार पिढ्यान् पिढ्या सोसावा लागला.

घरी करायचे असल्यास १ किलो वाळलेल्या मक्याला साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घ्यावे. स्वीट कॉर्न यासाठी चालत नाही. भांडे स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. चुन्याचे पाणी डोळ्यांत उडणार नाही याचीही काळजी घ्यावी. साल बोटांनी चोळल्यावर सुटेपर्यंत मंद आचेवर शिजवून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी पाणी ओतून टाकून दाणे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावेत आणि लागेल तेवढेच पाणी घालून बारीक वाटावेत. मिक्सरपेक्षा इडलीच्या वाटणाचा रगडा यासाठी बरा, कारण मिक्सरला पाणी जास्त लागते आणि पीठ सैल होते. लिंबाएवढ्या गोळ्याला बोटाने दाबून पाहावे: कडेला चिरा गेल्या तर पाण्याचा हात लावावा, बोटाला चिकटला तर थोडा वेळ उघडा ठेवावा. लाटण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून जड, सपाट बुडाच्या भांड्याने दाबलेली टॉर्टिया अधिक एकसारखी होते.

एवढा खटाटोप नको असेल तर साध्या पिठाची उकड काढावी. पाण्याला उकळी आणून मीठ घालावे, पीठ टाकून ढवळावे, झाकून ठेवावे आणि कोमट असताना चांगले मळावे. उकळत्या पाण्याने स्टार्च आधीच फुगतो, म्हणून पिठाला विरी येते. तांदळाच्या भाकरीसाठी आपण हेच करतो. झाबुआकडे मक्याच्या पिठाचे पानिये पानांच्या दोन थरांमध्ये ठेवून भाजतात, तेही ठिसूळ पीठ सांभाळण्याचीच युक्ती. उकडीची पोळी चवीला चांगली लागते, मात्र तिला टॉर्टिया म्हणून तिच्याकडून घट्ट गुंडाळीची अपेक्षा करू नये. घडी घातली तरी पुष्कळ.

प्रश्न : एन्चिलाडा, म्हणजे सॉसमध्ये बुडवलेल्या टॉर्टियात सारण भरून केलेला पदार्थ, करताना टॉर्टिया सॉसमध्ये विरघळते. (वडोदरा)

उत्तर : सॉसमध्ये बुडवण्याआधी मक्याची टॉर्टिया गरम तेलात दोन्ही बाजूंनी चार-पाच सेकंद फिरवून निथळून घ्यावी. तेलाचा पातळ थर सॉस आत शिरू देत नाही आणि उष्णतेने टॉर्टिया वाकतेही. कुरकुरीत होईपर्यंत तळू नये. मैद्याची टॉर्टिया या पदार्थाला घेऊच नये, सॉसमध्ये ती गिळगिळीत होते.

प्रश्न : उघडलेले पाकीट किती दिवस ठेवावे? फ्रिजमध्ये टॉर्टिया अधिकच कडक होतात असे दिसते. (टिळक नगर, इंदूर)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. स्टार्च ताठ होण्याची क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने होते, फ्रीझरमध्ये मात्र जवळजवळ थांबते. एक-दोन दिवसांत संपणार असतील तर पावसाळा सोडून एरवी घट्ट बंद डब्यात बाहेर ठेवाव्यात. पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने फ्रिज पत्करावा आणि खाताना शेकून घ्याव्यात. त्याहून जास्त दिवसांसाठी प्रत्येक दोन टॉर्टियांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. गोठलेल्या टॉर्टिया सुरीने विलग करायला जाऊ नये, कडा तुटतात. पाकीट न उघडता बाहेर ठेवून ती सैल पडल्यावर एकेक सोलून काढावी.

इतके करूनही ज्या कडक राहतील त्या मऊ करण्याच्या मागे लागू नये. मक्याच्या शिळ्या टॉर्टियांचे त्रिकोण कापून तळले तर ते ताज्यांपेक्षा कुरकुरीत होतात, कारण त्यांत पाणी कमी असते आणि ते तेलही कमी पितात. मैद्याच्या उरलेल्या टॉर्टियांची, हाताने बारीक कुस्करून, आपल्या नेहमीच्या फोडणीच्या पोळीप्रमाणे फोडणी करावी. कांदा थोडा जास्त घ्यावा आणि पाण्याचा हबका झाकण ठेवण्याआधी मारावा.