वाचकांचे प्रश्न : एफ-३५ च्या तीन आवृत्त्यांत इंधन कमीजास्त का?

लढाऊ विमानांच्या इंधनाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एफ-३५ या अमेरिकी विमानावर आणि त्याच्या तीन आवृत्त्यांमधील फरकावर आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. इतर विमानांचा उल्लेख मुद्दा स्पष्ट करण्यापुरता केला आहे.

प्रश्न : एफ-३५ ची ए, बी आणि सी ही तिन्ही विमाने एकाच घराण्यातली आणि दिसायलाही जवळपास सारखी आहेत. मग बी आवृत्तीच्या पोटात ए आवृत्तीपेक्षा दोन हजार किलोंहून अधिक इंधन कमी का मावते?

उत्तर : आधी आकडे पाहू. अमेरिकेच्या हवाई दलासाठी बनवलेल्या ए आवृत्तीत १८,२५० पौंड, म्हणजे सुमारे ८,२७८ किलो इंधन मावते. मरीन कोअरच्या, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या अमेरिकी दलाच्या, बी आवृत्तीत १३,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,१२३ किलो, आणि नौदलाच्या सी आवृत्तीत १९,७५० पौंड, म्हणजे सुमारे ८,९६० किलो इंधन मावते. हे सगळे विमानाच्या देहात मावणारे, म्हणजे अंतर्गत इंधन आहे. पंखाखाली टांगायच्या टाक्या यात धरलेल्या नाहीत.

आधुनिक लढाऊ विमानात इंधनासाठी वेगळी टाकी बनवून ती आत बसवलेली असते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पंखाची वरची आणि खालची कातडी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या-उभ्या पट्ट्या आणि धडातील कप्पे यांचे सांधे गळतीरोधक लेपाने बंद केले जातात आणि त्या पोकळीतच इंधन भरले जाते. विमानाचा सांगाडा हीच टाकी असते. त्यामुळे इंधनाची जागा सहसा आधी राखून ठेवली जात नाही. इंजिन, हवेचे मार्ग, शस्त्रकप्पे, चाके, इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि तारांचे जाळे यांनी आपापली जागा घेतल्यावर जे कोनेकोपरे उरतात, तिथे इंधन जाते. एकाच घराण्यातील दोन आवृत्त्यांच्या इंधनात फरक दिसला की ‘टाकी लहान का केली?’ याऐवजी ‘ती जागा कोणी घेतली?’ असे विचारावे, असे मला वाटते.

बी आवृत्तीत ती जागा लिफ्ट फॅनने घेतली आहे. या विमानाला अतिशय आखूड धावेत उडता आले पाहिजे आणि हेलिकॉप्टरसारखे सरळ खाली उतरता आले पाहिजे, अशी मरीन कोअरची मूळ अट होती. त्यासाठी वैमानिकाच्या आसनामागे धडात सुमारे सव्वा मीटर व्यासाचा, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दोन चक्रांचा पंखा आडवा बसवला आहे. मुख्य इंजिनापासून पुढे आलेला एक लांब दांडा क्लचच्या साहाय्याने त्याला फिरवतो. उतरताना कॉकपिटमागचे मोठे झाकण वर उघडते, पंखा वरून हवा ओढून खाली ढकलतो, आणि त्याच वेळी शेपटीकडचा झोतमार्ग वळून जमिनीकडे तोंड करतो. ए आणि सी आवृत्त्यांत नेमक्या याच जागी, कॉकपिटच्या मागे, इंधनाचा मोठा कप्पा आहे. पंखा, दांडा, क्लच आणि झाकणे यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट जागा खाते, ती म्हणजे विमान एका बाजूला कलू नये म्हणून इंजिनाची हवा दोन्ही पंखांपर्यंत नेऊन खाली सोडणारे मार्ग. म्हणजे धडातील जागा तर गेलीच, पंखातीलही थोडी गेली.

यात मला सर्वांत लक्षणीय वाटते ते हे की, संपूर्ण उड्डाणातील मोजकी मिनिटे वगळता ही सगळी यंत्रणा बंद असते, तरीही तिचे वजन आणि तिने अडवलेली जागा विमान पूर्ण वेळ वाहते. बीचे रिकामे वजन सुमारे १४,७०० किलो, तर एचे १३,३०० किलोंच्या आसपास आहे. त्या मोबदल्यात लहान जहाजावरून किंवा तोकड्या धावपट्टीवरून लढण्याची जी मोकळीक मिळते, ती मरीन कोअरला इतकी मोलाची वाटली की इंधनच नव्हे, शस्त्रकप्प्याचा आकारही त्यांनी सोडला. ए आणि सी दोन हजार पौंडांचे बॉम्ब पोटात घेऊ शकतात, तर बीला हजार पौंडांच्या बॉम्बवर थांबावे लागते.

सीची गोष्ट उलट आहे. विमानवाहू नौकेवर कॅटापुल्टच्या, म्हणजे विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्राच्या, झटक्याने उडायचे आणि अडवणाऱ्या तारेत आकडा अडकवून उतरायचे असल्याने सीला कमी वेगातही भक्कम उचल हवी असते. म्हणून तिच्या पंखांचे क्षेत्रफळ ६२.१ चौरस मीटर आहे, तर ए आणि बीचे ४२.७ चौरस मीटर. पंख मोठा झाला की पोकळीही वाढते आणि जास्तीचे इंधन मिळते. मात्र पंख जवळपास पंचेचाळीस टक्क्यांनी मोठा असूनही इंधन एपेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनीच वाढले आहे. एक तर इंधनाचा मोठा वाटा पंखात नसून धडात असतो. शिवाय लढाऊ विमानाचा पंख पातळ असतो, आणि नौकेवर जागा वाचावी म्हणून सीच्या पंखांची टोके दुमडतात, त्या बिजागऱ्यांना आणि त्या हलवणाऱ्या यंत्रणेला जागा लागते.

प्रश्न : सीमध्ये सर्वाधिक इंधन आहे, तर तिचा पल्लाही त्याच प्रमाणात जास्त असायला हवा. तसे दिसत का नाही?

उत्तर : कारवाईच्या त्रिज्येचे, म्हणजे लक्ष्यापर्यंत जाऊन परत येता येईल अशा अंतराचे, जाहीर आकडे असे आहेत : एची त्रिज्या १,०९३ किलोमीटरपेक्षा जास्त, बीची ८३३ पेक्षा जास्त आणि सीची साधारण १,१०० पेक्षा जास्त. सीकडे एपेक्षा जवळपास सातशे किलो इंधन अधिक असूनही दोघींच्या जाहीर त्रिज्येत फारसा फरक नाही.

याचे उत्तर वजनात दडले आहे. सीचे रिकामे वजन सुमारे १५,७०० किलो, म्हणजे तिघींत सर्वाधिक आहे. मोठा पंख, दर उतरणीला नौकेच्या डेकवर आदळणारी मजबूत चाके, आकडा आणि त्या आकड्याचा ताण सोसणारा सांगाडा हे सगळे त्यात आले. इंधनाने भरलेल्या पण शस्त्रे न लावलेल्या विमानाच्या वजनात इंधनाचा वाटा किती, हे मोजले तर एचा साधारण ३८ टक्के, सीचा ३६ टक्के आणि बीचा २९ टक्के येतो. दोन आवृत्त्यांची तुलना करायची असेल तर नुसत्या किलोंपेक्षा हे गुणोत्तर पाहणे अधिक योग्य, कारण इंजिनाला ते किलो कोणत्या देहाला ढकलण्यासाठी जाळावे लागतात ते त्यातून कळते.

याच आकड्यांवरून आणखी एक हिशेब अनेक वाचक करून पाहतात : त्रिज्येला इंधनाने भागायचे. तसे केले तर दर टन इंधनामागे एला १३२, बीला १३६ आणि सीला १२३ किलोमीटर येतात, आणि बी सर्वांत काटकसरी असल्याचा भास होतो. त्यावर विसंबू नये. जाहीर त्रिज्या ‘यापेक्षा जास्त’ अशा स्वरूपाच्या, म्हणजे किमान हमी देणाऱ्या आहेत, आणि प्रत्येक आवृत्तीसाठी शस्त्रांचा भार, उड्डाणाची पद्धत आणि परतीची शिल्लक यांची गृहीते वेगळी असतात.

परतीच्या शिलकीचा मुद्दा तर तिघींसाठी अगदी निराळा आहे. एला लांब धावपट्टी मिळते, त्यामुळे तिचा हिशेब तुलनेने सोपा असतो. सीच्या वैमानिकाचा आकडा तारेत अडकलाच नाही तर त्याला पूर्ण शक्ती लावून पुन्हा उडावे लागते, फेरी मारून परत यावे लागते, आणि हे रात्री, खवळलेल्या समुद्रावर एकापेक्षा अधिक वेळा घडू शकते. तेवढे इंधन हाती असलेच पाहिजे. बीची अडचण दुहेरी आहे. सरळ खाली उतरताना पंखांची उचल जवळपास नसतेच, विमानाचा सगळा भार झोतावर आणि लिफ्ट फॅनवर तोललेला असतो, म्हणून त्या क्षणी विमान एका ठरावीक वजनापेक्षा जड असून चालत नाही. शिल्लक इंधन फार कमी असेल तर धोका, फार जास्त असेल तर न वापरलेली शस्त्रे किंवा इंधन टाकून द्यावे लागते. ही कोंडी सैल करण्यासाठीच ब्रिटनच्या ‘एचएमएस क्वीन एलिझाबेथ’ या नौकेवर २०१८ मध्ये पुढे सरकत, थोडी उचल पंखांकडून घेत उतरण्याची पद्धत बी आवृत्तीने प्रथम समुद्रात वापरून पाहिली. तीत विमान अधिक वजनासह परत येऊ शकते.

प्रश्न : एकाच विमानाच्या इंधनक्षमतेचे आकडे दोन पुस्तकांत वेगळे का असतात? कुठे लिटर, कुठे किलो, कुठे गॅलन.

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर असतात. पोकळीचे माप लिटरमध्ये ठरते, पण इंजिनाला मिळणारी ऊर्जा इंधनाच्या वजनावर अवलंबून असते. म्हणून वैमानिकासमोरचा आकडा पौंडात किंवा किलोत असतो. विमानाच्या केरोसिनची घनता पंधरा अंश सेल्सिअसला दर लिटरमागे ०.७७५ ते ०.८४० किलो यांच्या दरम्यान कुठेही चालते. ०.८० धरली तर एचे ८,२७८ किलो म्हणजे सुमारे १०,३५० लिटर होतात, ०.७८ धरली तर तेच १०,६०० लिटरच्या पुढे जातात. नौकांवर आगीचा धोका कमी राहावा म्हणून ज्याची वाफ सहज पेट घेत नाही असे वेगळे इंधन वापरतात आणि त्याची घनता किंचित जास्त असू शकते.

तापमानाचाही परिणाम होतो. इंधन पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर गेले तर ते इतके प्रसरण पावते की त्याच १०,३५० लिटरमध्ये सव्वादोनशे किलोंच्या आसपास कमी इंधन मावते. गॅलनच्या बाबतीत अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, हे तपासल्याशिवाय कोणतेही रूपांतर करू नये; जुन्या लेखांतील बरेच घोळ इथेच सापडतात.

प्रश्न : दोन आसनी आवृत्तीत इंधन नेहमीच कमी असते का?

उत्तर : दुसरे आसन धडाची लांबी न वाढवता बसवले असेल तर बहुधा होय, कारण कॉकपिटमागची जागा ही इंधनासाठी सर्वांत सोयीची असते आणि दुसरा वैमानिक तिथेच बसतो. एफ-१६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक आसनी ए मध्ये सुमारे ३,१६० किलो, तर दोन आसनी बी मध्ये सुमारे २,६२० किलो, म्हणजे साधारण सतरा टक्के कमी इंधन मावते. राफेलमध्येही एक आसनीचे सुमारे ४,७०० किलो दोन आसनीत ४,४०० च्या आसपास येतात.

प्रश्न : बाहेरून न बदलता नंतरच्या आवृत्तीत इंधन वाढवता येते का?

उत्तर : येते, आणि एफ-१५ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ए आवृत्तीत सुमारे ५,२८० किलो इंधन होते. १९७९ मध्ये आलेल्या सी आवृत्तीत ते सुमारे ६,१०० किलो झाले, आणि तरी दोन्ही विमाने शेजारी उभी केली तर नवख्याला फरक ओळखता येणार नाही. रिकामे राहिलेले कप्पे इंधनासाठी वापरले गेले. स्वीडनच्या ग्रिपेनची ई आवृत्ती याहून पुढे गेली. तिची मुख्य चाके धडातून काढून पंखाच्या बुडाकडे नेली आणि धडात मोकळ्या झालेल्या जागेमुळे अंतर्गत इंधन साधारण चाळीस टक्क्यांनी वाढले. चाकांची जागा बदलणे ही किरकोळ दुरुस्ती नाही, सांगाड्याचे बरेचसे गणित नव्याने मांडावे लागते. तरीही इंधनासाठी ते केले गेले.

प्रश्न : इतका खटाटोप करण्यापेक्षा पंखाखाली टाक्या टांगल्या तर काय बिघडते?

उत्तर : टांगलेली टाकी हवेचा अडसर वाढवते, त्यामुळे तिच्यातील इंधनाचा काही भाग तिलाच वाहून नेण्यात खर्च होतो. एफ-३५ च्या बाबतीत याहून मोठी हरकत रडारची आहे. विमानाचा बाह्य आकार रडारच्या लहरी परत जाऊ नयेत अशा बेताने घडवलेला असतो आणि बाहेर लोंबणारी टाकी तो बेत बिघडवते, म्हणून एवढे इंधन पोटातच घेतले आहे.

स्टेल्थचा, म्हणजे रडारपासून लपण्याचा, विचार नसतानाही सुखोई-२७ च्या रचनाकारांनी जवळपास हाच मार्ग घेतला होता. त्या विमानात सुमारे ९,४०० किलो इंधन मावते, पण नेहमीच्या कामगिरीचा भार ५,२७० किलोंच्या आसपास धरला जातो. उरलेली जागा लांबच्या उड्डाणासाठी. भरगच्च भरल्यावर मात्र तीव्र वळणे घेण्यावर मर्यादा येते आणि इंधन जळून वजन उतरेपर्यंत वैमानिकाला ती पाळावी लागते.

प्रश्न : एफ-३५ मध्ये इंधन थंड ठेवावे लागते असे वाचले. त्याचा क्षमतेशी संबंध आहे का?

उत्तर : आहे. या विमानाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि इतर यंत्रणा जी उष्णता निर्माण करतात, ती शोषून घेण्याचे काम बऱ्याच अंशी इंधनच करते. टाकी भरलेली असते तेव्हा उष्णता मोठ्या साठ्यात विखुरते; उड्डाणाच्या शेवटी साठा कमी उरतो आणि तीच उष्णता थोड्या इंधनाला सोसावी लागते, त्यामुळे ते झपाट्याने तापते. म्हणून विमानात भरले जाणारे इंधन मुळातच गार असलेले बरे. २०१४ मध्ये अॅरिझोनातील ल्यूक हवाई तळावर इंधनवाहू ट्रकांना याच काळजीने पांढरा रंग दिला होता, जेणेकरून वाळवंटातील उन्हात आतले इंधन कमी तापावे. उष्णता साठवण्यासाठी बीकडे एपेक्षा दोन हजारांहून अधिक किलो इंधन कमी असते, हेही तिच्या हिशेबात धरावे लागते.